लांबच्या विजेचा करंट घरबसल्या कळतो का? (राजेंद्रनगरच्या कडुनिंबाची गोष्ट)

राजेंद्रनगरी | १४ जून, रात्री ९:१२
मंडळी, आधीच सांगतो, वीज म्हणजे आकाशातली, बिलातली नाही.
परवा संध्याकाळी इंदूरच्या राजेंद्रनगरात आमच्या सोसायटीच्या बागेतल्या कडुनिंबावर वीज पडली. साल वरून खालपर्यंत सोलून निघाली, चार घरचे टीव्ही गेले, दोन राउटर गेले, माणसं सगळी सुखरूप. दुसऱ्या दिवशी सकाळी पोह्याची प्लेट हातातून खाली ठेवायच्या आत एक तडितरक्षक विकणारे गृहस्थ हजर, आणि म्हणाले ही २०० किलोअँपिअरची (किलो म्हणजे हजार) वीज होती, तुमचं नशीब थोर, आता आमचा खांब लावा. मी विचारलं २०० हे कसं कळलं, तर म्हणाले "सर, आमच्याकडे मोजमाप असतं". वीज पडली तेव्हा हे गृहस्थ पीथमपूरला होते हो!
माझा छंद असा की गच्चीवर एक लाकडी चौकट आहे, ७० सेंटिमीटर बाय ७० सेंटिमीटर, तिच्यावर तांब्याच्या तारेचे ५० वेढे, वायर खाली लॅपटॉपच्या माइकमध्ये. ढग खरगोनवर असले तरी इथे कडकड-टिकटिक ऐकू येते आणि स्क्रीनवर सुया उभ्या राहतात. तर प्रश्न असा, या सुईच्या उंचीवरून शंभर किलोमीटरवरच्या विजेत किती करंट होता ते काढता येतं का? आणि येत असेल तर २०० वाल्याचं म्हणणं खरं-खोटं करता येईल का? रविवारी सोसायटीची मीटिंग आहे.

चंबळखोरे | १४ जून, रात्री ९:३०
रुमाल टाकून ठेवतो. ग्वाल्हेरला किल्ल्यावर वीज पडते तेव्हा अख्खी लष्कर वस्ती गच्चीवर येते बघायला, अक्कल नावाची गोष्ट नाही.

पोहेवाली | १४ जून, रात्री ९:४१
वीज पडली की वीज जाते, एवढंच मला कळतं. 😄
पण एक आठवलं, माझी आजी रामबागेत राहायची, तिच्या रेडिओवर मीडियम वेव्हला मालवा हाऊसचं (म्हणजे आकाशवाणी इंदूरचं) गाणं चालू असायचं आणि मधेच खर्रर्र झालं की ती आम्हाला गच्चीवर पिटाळायची, कुरडया उचला म्हणून. आकाश तर निळंशार! आम्ही कुरकुरत उचलायचो आणि तासाभरात खरंच धो धो. तेव्हा वाटायचं आजीला सिद्धी आहे.

राजेंद्रनगरी | १४ जून, रात्री ९:५०
@पोहेवाली, आजी म्हणजे इंदूरचं पहिलं तडित-शोध केंद्र! तोच खर्रर्र मी चौकटीवर पकडतो, फक्त कुरडया नाहीत.

मेघनाद | १४ जून, रात्री ११:०५
मी याच क्षेत्रात काम करतो, म्हणून थोडं लांबण लावतो.
वीज पडते म्हणजे काय होतं ते आधी. ढगातून एक अंधुक, टप्प्याटप्प्याने उतरणारी वाट जमिनीकडे येते, तिला लीडर म्हणतात. ती जमिनीला टेकली की डोळे दिपवणारा जो झोत आपण बघतो तो खालून वर जातो, तो रिटर्न स्ट्रोक. त्याचा वेग प्रकाशाच्या एक तृतीयांश ते निम्मा. म्हणजे उभी काही किलोमीटर लांब तार, तिच्यात हजारो अँपिअर अचानक वर धावतायत, हा निसर्गाचा ट्रान्समीटरच झाला. लांबवर पोचतं ते याचं विकिरण.
१९६९ मध्ये उमन आणि मॅकलेन यांनी साधं गणित मांडलं, ट्रान्समिशन लाइन मॉडेल. त्यात धरलंय की बुडाशी जी करंटची लाट निघाली ती न बदलता, एकाच वेगाने वर गेली. मग लांबच्या विद्युतक्षेत्राचं शिखर म्हणजे करंटचं शिखर गुणिले वेग, भागिले अंतर, आणि पुढे एक स्थिरांक.
आता तुमचंच खरगोन घ्या, हवाई अंतर साधारण १०० किमी. समजा क्षेत्राचं शिखर आलं मीटरला ६ व्होल्ट. वेग प्रकाशाचा एक तृतीयांश धरला तर करंट येतो ३० किलोअँपिअर. निम्मा धरला तर २०. दोन तृतीयांश धरला तर १५. मोजमाप तेच, सुई तीच, उत्तरं तीन! लांबून आपल्याला वेग आणि करंट यांचा गुणाकार मिळतो, सुटा करंट मिळत नाही. खरी गोम इथे आहे.

तर्कट | १४ जून, रात्री ११:३१
म्हणजे शास्त्रज्ञांचे ठोकताळे आणि त्या विक्रेत्याचे ठोकताळे यात फरक एवढाच की तुमच्याकडे स्थिरांक आहे. वेग आपणच धरायचा, लाट बदलत नाही हे आपणच धरायचं, मग उत्तर बरोबर आलं म्हणायचं. आमचे कुडमुडे जोशीबुवा पण असंच करायचे.

अण्णा_पलासिया | १५ जून, सकाळी ६:५५
@तर्कट सकाळी सकाळी जिलबी खा भिया, कडवटपणा जाईल.
मला एवढंच विचारायचंय, आमच्याकडे म्हणतात पायाळू माणसावर वीज पडते, त्याचं मोजमाप आहे का काही?

पोहेवाली | १५ जून, सकाळी ७:२०
माझी आत्या पायाळू! ढग वाजले की तिला आतल्या खोलीत, लोखंडी कॉटपासून लांब, पाटावर बसवायचे. ती म्हणायची विजेपेक्षा तुमच्या चेहऱ्यांचीच भीती वाटते. ८१ वर्षं जगली, झोपेत गेली.

कपॅसिटर_काका | १५ जून, सकाळी ८:१०
पायाळूचं राहू द्या, पण आत्याला घरात आणि लोखंडापासून दूर बसवलं हे मात्र बरोबरच केलं. 🙂
मी वडोदऱ्याचा, मकरपुऱ्याकडे ३१ वर्षं ट्रान्सफॉर्मरच्या टेस्टिंगमध्ये काढली. आम्ही वीज घरी बनवत होतो. व्होल्टेजची लाट १.२ बाय ५० मायक्रोसेकंदांची, म्हणजे १.२ मध्ये चढते आणि ५० मध्ये निम्म्यावर येते. करंटची ८ बाय २०. आणि थेट आकाशातल्या विजेची नक्कल हवी तर १० बाय ३५०, ती फार अवघड, शेपटी लांब, ऊर्जा खूप.
तर्कटराव, तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. पण करंट थेट मोजलाय लोकांनी, अंदाजपंचे नाही. पूर्वी टॉवरच्या पायांना पोलादी पट्ट्यांची छोटी गड्डी बांधायचे, वीज पडली की पट्ट्या मॅग्नेट व्हायच्या, त्यावरून शिखर कळायचं. मग स्वित्झर्लंडमध्ये सान साल्वातोरे डोंगरावर बर्गर नावाच्या गृहस्थांनी टॉवर उभारून वर्षानुवर्षं नोंदी केल्या. आजही जगभर तेच आकडे वापरतात. पहिल्या ऋण स्ट्रोकचा (ढगातला ऋण भार जमिनीवर आणणाऱ्या) मधला आकडा ३० किलोअँपिअर, त्याच वाटेने मागून येणाऱ्या स्ट्रोकचा साधारण १२. पहिल्या स्ट्रोकपैकी शंभरातले पाचच ८० च्या वर जातात.
आता रामबाण. राजेंद्रनगरी, त्या गृहस्थांचा २०० कुठून आला ते मी सांगतो, त्यांच्या कॅटलॉगमधून! आयईसी ६२३०५ या आंतरराष्ट्रीय तडित-संरक्षण मानकात संरक्षणाचे चार स्तर आहेत, पहिल्या स्तराचा डिझाइन करंट २०० किलोअँपिअर, दुसऱ्याचा १५०, तिसऱ्या-चौथ्याचा १००. हे "एवढं झेपलं पाहिजे" असं आहे, "एवढी पडली" असं नाही. पुलाच्या पाटीवर २० टन लिहिलंय म्हणजे तुमची स्कूटर २० टनाची होत नाही.

राजेंद्रनगरी | १५ जून, सकाळी ८:४०
काका दंडवत!!! स्कूटरचं वाक्य मीटिंगमध्ये तुमच्या नावाने खपवणार.

चंबळखोरे | १५ जून, सकाळी ९:०२
त्या गृहस्थांचा खांब एकच आणि छत्री शंभर मीटरची असं तर नाही ना सांगितलं? आमच्याकडे एकाने तसाच विकला, गेल्या वर्षी वीज त्याच्यापासून २५ मीटरवरच्या टाकीवर पडली. खांब बघत उभा.

राजेंद्रनगरी | १५ जून, सकाळी ९:०५
अगदी तेच सांगितलं.

कपॅसिटर_काका | १५ जून, सकाळी ९:३०
मग दारातूनच नमस्कार करा. त्याच मानकात फिरत्या गोळ्याची पद्धत आहे. पहिल्या स्तराला २० मीटर त्रिज्येचा, चौथ्याला ६० मीटरचा काल्पनिक चेंडू इमारतीवरून लोळवायचा, जिथे टेकेल तिथे वीज टेकू शकते. एका खांबाने कॉलनी झाकली जात नाही.

मेघनाद | १५ जून, दुपारी १:१५
तर्कट यांना उत्तर द्यायचं राहिलं.
मॉडेल धरून चालतो हे खरं. पण मॉडेलला परीक्षा द्यावी लागते. ५० ते २०० किमीवर क्षेत्राची लाट वर जाते, उतरते, आणि काही डझन मायक्रोसेकंदांनी शून्य ओलांडून खाली जाते. १९६९ चं मॉडेल या पेपरात नापास होतं, त्यात लाट शून्याखाली जातच नाही.
कारण समजायला इंदूरच्या रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, आठवा. टोरी कॉर्नरवरून जेवढे निघाले तेवढेच्या तेवढे राजवाड्याला पोचले असं जुनं मॉडेल म्हणतं. प्रत्यक्षात प्रत्येक गल्लीत चार-दहा जण गळतात, कुणी पाणी प्यायला, कुणी घरी. विजेच्या वाटेभोवती लीडरने पसरवलेला विद्युतभार असतो, वर जाणारी लाट तो निपटत जाते आणि स्वतः क्षीण होत जाते. १९८७ मध्ये राकोव आणि डुल्झोन यांनी ही गळती उंचीबरोबर सरळ रेषेत धरली, १९८८ मध्ये नुची आणि सहकाऱ्यांनी घातांकी धरली, आणि शून्य ओलांडणं जमलं. १९४१ चं ब्रूस-गोल्ड मॉडेल तर याहून भाबडं होतं, त्यात झोत जिथवर पोचलाय तिथवर सगळीकडे एकाच क्षणी एकच करंट, म्हणजे गेरचं पुढचं टोक हललं की मागचं त्याच क्षणी हललं!
आणि गंमत म्हणजे पहिल्या काही मायक्रोसेकंदांत, शिखर येईपर्यंत, गळती फारशी झालेलीच नसते. म्हणून शिखरापुरतं ते जुनं साधं सूत्र अजून चालतं. शेपटीसाठी नाही.

तर्कट | १५ जून, दुपारी १:४०
गेरचं पटलं. पण वेगाचं काय? तो प्रश्न तसाच आहे. परीक्षा आकाराची घेतलीत, आकड्याची नाही.

शिप्रा_के | १५ जून, दुपारी २:२२
आकड्याची पण घेतलीये. रॉकेटने. फ्लोरिडात कॅम्प ब्लँडिंगला ढगाखाली छोटं रॉकेट सोडतात, मागे बारीक तांब्याची तार उलगडत जाते, तिच्यावरून वीज मुद्दाम खाली आणतात. जमिनीवर करंट थेट मोजला जातो आणि त्याच क्षणी लांबच्या केंद्रांनी किती सांगितला तेही बघतात. अमेरिकेच्या वीज नोंदवणाऱ्या राष्ट्रीय जाळ्याची मधली चूक तिथे १५ टक्क्यांच्या आसपास निघाली. वेग सुटा माहीत नसला तरी गुणाकार आणि खरा करंट यांचं नातं असं बाहेरून बसवता येतं.
फक्त मेख अशी की रॉकेटच्या विजेत खरा "पहिला" स्ट्रोक नसतोच, ती मागून येणाऱ्या स्ट्रोकसारखी असते. त्यामुळे ३० वाल्या मोठ्या पहिल्या स्ट्रोकसाठी हा १५ टक्क्यांचा भरवसा जसाच्या तसा उचलता येत नाही.

अण्णा_पलासिया | १५ जून, दुपारी २:३०
दिवाळीच्या रॉकेटला तार बांधायचा विचार ज्याच्या मनात आत्ता आलाय त्याने हात वर करा.

चंबळखोरे | १५ जून, दुपारी २:३१
✋

कपॅसिटर_काका | १५ जून, दुपारी २:५०
हात खाली करा, आणि घरी बसा. मध्यप्रदेश विजेने मरणाऱ्यांच्या यादीत तसाच वरच्या नंबरात असतो, देशात दरवर्षी अडीच हजारांवर माणसं जातात. बहुतेक शेतात, झाडाखाली. दामिनी अ‍ॅप घ्या सगळ्यांनी, पुण्याच्या आयआयटीएमचं आहे, फुकट आहे.

तर्कट | १५ जून, दुपारी ३:१०
@शिप्रा_के, हे मान्य. कुडमुडे जोशी शब्द मागे घेतो.

पोहेवाली | १५ जून, दुपारी ३:१५
तर्कटनी शब्द मागे घेतला!! कुणीतरी स्क्रीनशॉट काढा. सराफ्यातल्या खाऊगल्लीत गराडू माझ्याकडून. (गराडू हिवाळ्यात मिळतात, तोवर धागा चालू ठेवा)

मेघनाद | १५ जून, सायंकाळी ६:४५
राजेंद्रनगरी, आता तुमच्या चौकटीबद्दल. मन घट्ट करा.
लॅपटॉपचं साउंड कार्ड सेकंदाला ४८ हजार नमुने घेत असेल, म्हणजे दोन नमुन्यांत २१ मायक्रोसेकंद. विजेचं शिखर चढतं काही मायक्रोसेकंदांत. तुमच्या दोन नमुन्यांच्या मधे ते येऊन गेलेलं असतं. स्क्रीनवर जी सुई दिसते ती शिखर नाही, शिखर निघून गेल्यावर उरलेली धूळ आहे. हजारो हर्ट्झच्या पट्ट्यातला ऐकू येण्याजोगा भाग तुम्हाला मिळतो, तो दिशा, संख्या, ढग जवळ येतोय की लांब जातोय याला उत्तम. करंटला नाही.
शिवाय रात्री तोच सिग्नल आयनोस्फिअरवर, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावर, आपटून येतो, साधारण ८५ किमी उंचीवर, दिवसा ७० च्या आसपास, म्हणजे एकाच विजेचे प्रतिध्वनी शेपटीत मिसळतात. आणि मधली जमीन. ओली काळी माती बरी, पण विंध्याचा कोरडा खडक वरच्या फ्रीक्वेन्सी खातो, शिखर बुटकं होतं आणि चढ आडवा पसरतो. खरगोनहून येणारी लाट घाट चढून येते हे विसरू नका.
आणि मुख्य म्हणजे अंतर. एका चौकटीने दिशा कळते, तीही समोर की पाठीमागे हे न कळता. अंतर लागतं कारण सूत्रात ते आहे. म्हणून चार-सहा केंद्रं, प्रत्येकात जीपीएसचं घड्याळ, कारण एक मायक्रोसेकंद चुकला की ३०० मीटर चुकले.

राजेंद्रनगरी | १५ जून, सायंकाळी ७:२०
मन घट्ट केलं होतं तरी लागलं. बायको म्हणाली बघ, मी तीन वर्षं हेच सांगतेय की त्या चौकटीवर निदान कपडे तरी वाळत घाल.
पण मला एक सांगा, कडुनिंब माझ्या चौकटीपासून फक्त १०० मीटर आहे. तिथे तरी लांबचं गणित नको ना? आणि वीज पडली तेव्हा रेकॉर्डिंग चालू होतं!!

कपॅसिटर_काका | १५ जून, रात्री ८:०५
अहो मग हे आधी सांगायचं ना! जवळ असाल तर वेगाची कटकट बरीच सुटते. तिथे चुंबकीय क्षेत्र जवळजवळ शाळेतल्या सरळ तारेच्या नियमाने चालतं, करंट भागिले अंतर. ३० किलोअँपिअर धरला तर १०० मीटरवर ६० मायक्रोटेस्ला, म्हणजे पृथ्वीच्या स्वतःच्या क्षेत्राहून जास्त, तुमच्या गच्चीवर होकायंत्र असतं तर क्षणभर गांगरलं असतं. खरगोनच्या ६ व्होल्टवाल्या विजेचं हेच क्षेत्र इथे येईपर्यंत फक्त २० नॅनोटेस्ला उरतं, म्हणजे तीन हजारपट कमी.
आता चौकट अर्धा चौरस मीटर, वेढे ५०. ते ६० मायक्रोटेस्ला ५ मायक्रोसेकंदांत चढले असं धरा, गुणाकार करा… साधारण ३०० व्होल्ट. माइकच्या भोकात. लॅपटॉप कसा आहे?

राजेंद्रनगरी | १५ जून, रात्री ८:१२
लॅपटॉप चालू आहे. माइकचं भोक त्या दिवसापासून गेलंय. मला वाटलं पावसाचं पाणी गेलं.
फाइल उघडून बघितली. ७ वाजून ४१ मिनिटांपर्यंत सुंदर सुया आहेत, मग एक सुई स्क्रीनच्या वरच्या कडेला चिकटलीये, सपाट, आणि मग काहीच नाही. शेवटपर्यंत सरळ रेघ.

तर्कट | १५ जून, रात्री ८:२०
म्हणजे साक्षीदार जागीच गेला.

शिप्रा_के | १५ जून, रात्री ८:२८
आणि शंभर किलोमीटरवरचे साक्षीदार, म्हणजे ती लांबची केंद्रं, जिवंत आहेत! धाग्याचा प्रश्न उलटा झाला की, लांबून कळतं का नाही, लांबूनच कळेल. वेळ सांगा कुणीतरी मेघनादना.

मेघनाद | १६ जून, सकाळी १०:३०
केंद्रांच्या जाळ्यातली ७:४१ ची नोंद बघितली. तुमच्या भागात त्या मिनिटात ऋण वीज, अर्ध्या सेकंदाच्या आत दोन स्ट्रोक, एकाच जागी. पहिल्याचा अंदाज २२ किलोअँपिअर, दुसऱ्याचा ११. स्थानाची चूक काही शे मीटर असू शकते, तेव्हा तुमच्याच कडुनिंबावरची हे मी छातीवर हात ठेवून म्हणणार नाही, पण त्या मिनिटात आसपास दुसरी जमिनीवरची नोंद नाही. आणि २२ म्हणजे २२.० नाही. १५ ते ३० मध्ये कुठेही असू दे, माझी हरकत नाही. २०० ला मात्र माझी हरकत आहे.

राजेंद्रनगरी | १८ जून, रात्री १०:०५
उशिरा लिहितोय. मीटिंग झाली. ते गृहस्थ स्वतः आले होते, मी २२ सांगितल्यावर म्हणाले "सर, ते लांबून मोजलेलं आहे, आम्ही जवळून मोजतो". मी म्हटलं जवळून मोजणारा माझ्या गच्चीवर मरून पडलाय, बघायचा का. आपटेकाकू सगळ्यांत जोरात हसल्या, त्यांचा टीव्ही गेलाय तरी.
खांब रद्द. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंगचे खड्डे तपासायचे, मेन बोर्डवर सर्ज प्रोटेक्टर बसवायचे असं ठरलं. कडुनिंब माळी म्हणतोय जगेल.
आता मला नवीन यूएसबी साउंड कार्ड घ्यायचंय. इंदूरला कुठे स्वस्त मिळेल?

अण्णा_पलासिया | १८ जून, रात्री १०:११
जेल रोड. भाव करायचा, पहिल्या सांगितलेल्या किमतीला गुणिले एक तृतीयांश ते निम्मा, प्रकाशाच्या वेगासारखं.

कपॅसिटर_काका | १८ जून, रात्री १०:३०
घ्या, पण इनपुटला दोन डायोड उलटसुलट टाका, आधी एक रेझिस्टर. आणि ढग डोक्यावर आले, चमक आणि गडगडाटात दहा सेकंदांहून कमी अंतर उरलं, म्हणजे तीन किलोमीटर, की वायर काढून ठेवायची.

राजेंद्रनगरी | १८ जून, रात्री १०:३३
काका, वायर काढली तर मोजणार काय?

कपॅसिटर_काका | १८ जून, रात्री १०:३४
खरगोन.